31 मार्चआधी तोटा बुक करू की थांबू? सव्वा लाखाची सूट आणि मागचा तोटा यांचा मेळ

कृष्णाकाठ | 12 मार्च 2026

नमस्कार मंडळी. आर्थिक वर्ष 2025-26 चा हिशोब 31 मार्चच्या आत नीट लावायचा आहे. माहिती सगळी देतो, म्हणजे परत विचारायला लागणार नाही.

निवासी भारतीय, वय 43, नवी करप्रणाली, स्टँडर्ड डिडक्शन जाऊन पगाराचं उत्पन्न 18 लाख.

या वर्षात झालेली विक्री: सप्टेंबरमध्ये इक्विटी फंडातून (शेअरमध्ये गुंतवणारा म्युच्युअल फंड) दीर्घकालीन (12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्याचा) नफा 1,05,000. जुलैत दोन शेअर विकले, त्यात अल्पकालीन (12 महिन्यांपर्यंत ठेवलेल्याचा) नफा 42,000.

हातात असलेलं:
– 'अ' कंपनीचे 400 शेअर. 20 मे 2025 ला 350 रुपयांनी घेतले, आज भाव 200.
– 'ब' कंपनीचे 200 शेअर. त्यातले 100 शेअर 2021 मध्ये 900 ने, बाकीचे 100 ऑगस्ट 2025 मध्ये 500 ने. आज भाव 620. ॲपमध्ये सरासरी 700 दिसते.
– इंडेक्स फंड (हाही इक्विटी फंडच), 2019 पासून एसआयपी (ठरावीक रकमेचे नियमित हप्ते). न काढलेला नफा 3 लाखांच्या वर.

मागून आलेलं: 2022-23 चा दीर्घकालीन तोटा 80,000. त्या वर्षीचं रिटर्न मुदतीत भरलेलं आहे. नंतरच्या दोन वर्षांत दीर्घकालीन नफा झाला नाही, त्यामुळे तोटा तसाच शिल्लक आहे.

प्रश्न तीन. 'अ' चे सगळे शेअर विकून 60,000 चा तोटा बुक करावा का? यंदाचा दीर्घकालीन नफा सव्वा लाखाच्या आतच आहे, म्हणजे मागचे 80,000 पुढच्या वर्षी नेता येतील ना? आणि विकून लगेच तेच शेअर परत घेतले तर चालतं का?

---

हिशोबवही | 12 मार्च 2026

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

नाही, 80,000 पुढे नेता येणार नाहीत. बहुतेक लोक इथेच चुकतात. सव्वा लाखाची रक्कम ही 'करमुक्त उत्पन्न' नाही. आयकर कायद्याचं 112ए कलम सांगतं की दीर्घकालीन नफ्यातल्या सव्वा लाखावरच्या भागाला साडेबारा टक्के कर लावा. म्हणजे आधी नफा किती ते ठरतं, आणि नफा ठरतो तो तोटा वजा झाल्यावर. क्रम असा:

आधी यंदाचा तोटा यंदाच्या नफ्यातून. मग मागच्या वर्षांचा तोटा उरलेल्या नफ्यातून. या दोन्हीनंतर जे राहील त्यावर सव्वा लाखाची सूट.

यात तुम्हाला निवडीचा हक्क नाही. 'यंदा सूट वापरतो, तोटा ठेवून देतो' असं म्हणता येत नाही. रिटर्न भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये (यूटिलिटीत) ही वजाबाकी आपोआप होते.

तुमच्या आकड्यांत: 1,05,000 मधून 80,000 गेले, उरले 25,000. त्यावर कर शून्य. पण तोटा नसता तरी 1,05,000 वर कर शून्यच होता! म्हणजे 80,000 चा तोटा काहीही न वाचवता संपला आणि 1,00,000 ची सूट वापराविना गेली. तो तोटा आकारणी वर्ष (आर्थिक वर्षाच्या लगेच पुढचं वर्ष) 2031-32 पर्यंत जिवंत राहू शकला असता.

सप्टेंबरची विक्री आता मागे घेता येत नाही. पण उपाय हातात आहे आणि त्याला करही लागत नाही. इंडेक्स फंडातून आणखी 1,00,000 चा दीर्घकालीन नफा 31 मार्चआधी काढा आणि तेच पैसे परत त्याच फंडात घाला. एकूण नफा 2,05,000, वजा मागचा तोटा 80,000, उरले 1,25,000, कर शून्य. तोटा पूर्ण कामी आला, सूटही पूर्ण वापरली गेली, आणि तुमच्या इंडेक्स फंडाची खरेदी किंमत 1,00,000 रुपयांनी वर सरकली. पुढे कधीतरी त्यावर लागणारा 12,500 रुपये कर आणि त्यावरचा 4 टक्के सेस (उपकर) वाचला.

मागचा दीर्घकालीन तोटा खात्यावर असेल तर माझं मत ठाम आहे: त्या वर्षी दीर्घकालीन नफा एकतर अजिबात काढू नये, किंवा 'तोटा अधिक सव्वा लाख' एवढा भरून काढावा. मधला कुठलाही आकडा म्हणजे तोटा किंवा सूट यांपैकी काहीतरी फुकट घालवणं.

आता 'अ' कंपनी. 20 मे 2025 ची खरेदी, म्हणून आज विकली तर तोटा अल्पकालीन. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन तोटा मात्र फक्त दीर्घकालीन नफ्यातून. त्यामुळे अल्पकालीन तोटा जास्त मोलाचा. तो 20 टक्के कर लागणाऱ्या अल्पकालीन नफ्यावर वापरावा.

तुमचा अल्पकालीन नफा 42,000. दर शेअरमागे तोटा 150. म्हणजे 280 शेअर विकले की बरोबर 42,000 चा तोटा होतो. 42,000 वर 20 टक्के म्हणजे 8,400, सेस धरून 8,736 रुपये वाचले. उरलेले 120 शेअर यंदा विकले तर त्यांचा 18,000 चा तोटा दीर्घकालीन नफ्याच्या अंगावर जाईल, जिथे सूट होतीच. ते 120 शेअर 1 एप्रिल ते 20 मे 2026 या काळासाठी ठेवा. त्यात विकले तरी तोटा अल्पकालीनच राहतो, आणि तो पुढच्या वर्षीच्या हिशोबात येतो. 20 मे ओलांडली की तोच तोटा दीर्घकालीन होतो आणि त्याची किंमत घटते.

---

मुळामुठा | 12 मार्च 2026

@हिशोबवही, गणित बरोबर आहे, फक्त शेवटच्या 120 शेअरांबद्दल एक पर्याय राहिला. ते यंदाच विकले तरी 18,000 वाया जायलाच हवेत असं नाही. इंडेक्स फंडातून 1,00,000 ऐवजी 1,18,000 नफा काढला तर एकूण दीर्घकालीन नफा 2,23,000 होतो. त्यातून 18,000 आणि 80,000 गेले की पुन्हा 1,25,000. कर शून्य.

फरक दराचा आहे. असं केलं तर 18,000 चा तोटा साडेबारा टक्क्यांच्या नफ्यावर खर्च होतो, म्हणजे 2,250 रुपयांचं मोल. पुढच्या वर्षी 20 टक्क्यांच्या नफ्यावर वापरला तर 3,600. पुढच्या वर्षी अल्पकालीन नफा होणारच नसेल, तर मात्र आजच वापरलेला बरा.

आणि 30 टक्के स्लॅबमध्ये असलेल्यांनी ध्यानात ठेवावं: 1 एप्रिल 2023 पासून पुढे घेतलेल्या डेट फंडाचा (रोख्यांत गुंतवणाऱ्या फंडाचा) नफा कितीही वर्षं ठेवला तरी कलम 50एए प्रमाणे अल्पकालीनच धरला जातो आणि स्लॅबने कर लागतो. शेअरचा अल्पकालीन तोटा त्या नफ्यातूनही वजा होतो. तिथे त्याच तोट्याला 20 ऐवजी 30 टक्क्यांचं मोल मिळतं.

'ब' कंपनीकडे कुणी पाहिलं नाही. तिथे सापळा आहे. ॲप सरासरी 700 दाखवतं, म्हणून वाटतं की दर शेअरमागे 80 तोटा. करासाठी सरासरी चालत नाही. डीमॅटमधल्या (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवायच्या खात्यातल्या) शेअरांना 'आधी आले ते आधी गेले' हा नियम लागतो. आज 100 शेअर विकलेत तर ते 2021 चेच गेले असं धरतात: 620 वजा 900, गुणिले 100, म्हणजे 28,000 चा दीर्घकालीन तोटा. 150 विकलेत तर हे 28,000 आणि शिवाय ऑगस्टच्या 50 शेअरांवर 6,000 चा अल्पकालीन नफा. नवे शेअर आधी विकायचे आणि जुने ठेवायचे, असं एकाच डीमॅट खात्यात करता येत नाही. नियम प्रत्येक डीमॅट खात्याला वेगळा लागतो, म्हणून पुढची खरेदी दुसऱ्या खात्यात ठेवणं एवढाच मार्ग.

'ब' चे जुने 100 विकायचेच असतील तर इंडेक्स फंडातून काढायचा नफा 1,28,000 करा. पडताळा: 1,05,000 अधिक 1,28,000 म्हणजे 2,33,000. त्यातून 28,000 आणि 80,000 गेले, उरले 1,25,000.

---

दलालस्ट्रीटजवळ | 13 मार्च 2026

तिसऱ्या प्रश्नाबद्दल, कारण इथे एका चुकीने सगळं गणित मोडतं.

विकून परत घ्यायला भारतात मनाई नाही. अमेरिकेत असतो तसा 30 दिवसांचा नियम आपल्याकडे नाही. 'गार' नावाच्या करचुकवेगिरीविरोधी तरतुदी आहेत, पण करलाभ 3 कोटींच्या आत असेल तर त्या लागू होत नाहीत.

पण त्याच दिवशी, त्याच खात्यात परत घेऊ नका. सकाळी 280 विकले आणि दुपारी 280 घेतले तर ब्रोकरकडे दोन्ही सौदे आपसात कटतात. डीमॅटमधून शेअर बाहेरच पडत नाहीत. तो इंट्राडे (एकाच दिवसातला) व्यवहार ठरतो. तुमचा 42,000 चा तोटा बुकच होत नाही, आणि त्या दिवसाच्या चढउताराचा जो किरकोळ नफा-तोटा होईल तो सट्टा व्यवसायाचं उत्पन्न म्हणून धरला जातो. मग रिटर्नचा आयटीआर-2 फॉर्म चालत नाही, आयटीआर-3 भरावं लागतं. एक दिवस मध्ये जाऊ द्या. तेवढ्यात भाव वर जाण्याची जोखीम आहे, ती घ्यायची नसेल तर दुसऱ्या ब्रोकरकडच्या दुसऱ्या डीमॅट खात्यात त्याच दिवशी घ्या. तिथे दोन्ही बाजूंची डिलिव्हरी होते.

तारखा पाहा. 26 मार्चला रामनवमी आणि 31 मार्चला महावीर जयंती, दोन्ही दिवस शेअर बाजार बंद. म्हणजे या वर्षातला शेवटचा सौद्याचा दिवस सोमवार 30 मार्च. करासाठी विक्रीची तारीख ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरची (सौद्याच्या पावतीवरची) धरतात, त्यामुळे 30 तारखेची विक्रीही याच वर्षात येते. तरी शेवटच्या दिवशी जाऊ नये, कारण त्या सौद्याचं सेटलमेंट (शेअर आणि पैशांची प्रत्यक्ष देवघेव) एप्रिलमध्ये पडतं आणि वेगवेगळ्या अहवालांत तारीख वेगळी दिसली की नंतर जुळवाजुळव करत बसावं लागतं. 24 मार्चला विकून 25 ला घेणं सगळ्यांत सुटसुटीत.

म्युच्युअल फंडाची विक्री दुपारी 3 च्या आत टाकली तर त्याच दिवसाची एनएव्ही (युनिटचा भाव) मिळते. पण ऑर्डर टाकताना ती एनएव्ही माहीत नसते. म्हणून 1,00,000 चा नफा हवा तर 97,000–98,000 धरून युनिट काढा. युनिटांची संख्या अशी काढायची: समजा आजची एनएव्ही 180 आणि 2019 च्या युनिटांची खरेदी 120 ची, तर युनिटमागे नफा 60. 98,000 भागिले 60 म्हणजे साधारण 1,633 युनिट, रक्कम 2,94,000 च्या आसपास. एसआयपीत प्रत्येक हप्त्याची खरेदी किंमत वेगळी, त्यामुळे सरसकट सरासरी घेऊ नका. कॅम्स किंवा केफिनटेक (फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या) यांच्या साइटवरून स्टेटमेंट काढा आणि सगळ्यांत जुन्या हप्त्यापासून मोजत या. जुने आधी जातात, म्हणून गेल्या 12 महिन्यांचे हप्ते आपोआप सुरक्षित राहतात.

खर्च नगण्य आहे. इक्विटी फंडाच्या विक्रीवर एसटीटी (सौद्यावरचा कर) 0.001 टक्के, पुन्हा खरेदीवर मुद्रांक शुल्क 0.005 टक्के. तीन लाखांवर दोन्ही मिळून 18 रुपये. शेअरच्या डिलिव्हरीवर एसटीटी दोन्ही बाजूंना 0.1 टक्के. 280 शेअरांचे 56,000 होतात, म्हणजे विक्री-खरेदी मिळून 112 रुपये, वर ब्रोकरेज आणि डीपी (डीमॅट खात्याचं) शुल्क. ब्रोकरेज नफ्यातून वजा करता येतं, एसटीटी करता येत नाही.

पुन्हा घेतलेल्या युनिटांची मुदत मात्र शून्यापासून सुरू होते. वर्षभरात हे पैसे लागणार असतील तर थांबा, कारण नव्या खरेदीवरचा नफा 12 महिन्यांच्या आत 20 टक्क्यांत जातो आणि अनेक फंड वर्षाच्या आत काढल्यास एक्झिट लोडही (लवकर काढल्याचं शुल्क) लावतात. ईएलएसएसमध्ये (कर वाचवणाऱ्या इक्विटी फंडात) तर परत 3 वर्षांचं कुलूप.

---

कृष्णाकाठ | 13 मार्च 2026

सगळ्यांचे मनापासून आभार. मागचा तोटा आपोआप खाल्ला जातो हे माहीतच नव्हतं.

दोन उपप्रश्न. 'अ' चे शेअर परत 200 ला घेतले तर पुढे 350 झाल्यावर 150 चा नफा होणारच. मग आज वाचवलेला कर तेव्हा भरावाच लागणार ना?

आणि आईचं खातं. वय 68, उत्पन्न फक्त मुदत ठेवींचं व्याज, वर्षाला 2,20,000. तिच्या नावावर इंडेक्स फंड आहे, त्यात दीर्घकालीन नफा 4 लाखांचा. तिलाही सव्वा लाखच का?

---

हिशोबवही | 13 मार्च 2026

पहिल्याचं उत्तर: हो, खरेदी किंमत 350 वरून 200 वर आली, त्यामुळे नफा पुढे सरकला, नाहीसा झाला नाही. पण आज तो 20 टक्क्यांच्या नफ्यातून वजा झाला. नवी खरेदी 12 महिन्यांच्या वर ठेवलीत तर तोच नफा साडेबारा टक्क्यांत येतो, आणि सव्वा लाखाच्या आत बसला तर शून्यात. मधली वर्षं ते 8,736 रुपये तुमच्याकडेच.

12 महिने मोजताना काठावर जाऊ नका. कायद्यात '12 महिन्यांपेक्षा जास्त' आहे. 25 मार्च 2026 ला घेतलं तर 26 मार्च 2027 किंवा त्यानंतर विका.

आईंना सव्वा लाखापेक्षा बरंच जास्त मिळतं. नव्या प्रणालीत मूळ करमुक्त मर्यादा 4 लाख. त्यांचं व्याज 2,20,000. राहिलेले 1,80,000 दीर्घकालीन नफ्यात जिरवता येतात, आणि त्यानंतर उरलेल्यावर सव्वा लाखाची सूट वेगळी. म्हणजे यंदा 3,05,000 पर्यंतचा नफा एक रुपयाही कर न भरता काढता येईल. जुन्या प्रणालीत 60 ते 80 वयाला मर्यादा 3 लाखच, म्हणून इथे नवीच बरी. ही सोय फक्त निवासी व्यक्तींना आहे. परदेशात राहणाऱ्या मुलामुलींच्या अनिवासी खात्यांना सव्वा लाखाची सूट मिळते, पण मूळ मर्यादेतली उरलेली जागा वापरता येत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. कर शून्य असला तरी एकूण उत्पन्न 5,25,000 होतं, जे 4 लाखांच्या वर आहे. म्हणून रिटर्न भरणं बंधनकारक. आणि तुमचे स्वतःचे युनिट आईंना भेट देऊन विकायचा विचार असेल तर ते चालतं, तो नफा तुमच्या उत्पन्नात मिळवला जात नाही; खरेदीची किंमत आणि तारीख तुमचीच पुढे चालते. बायकोच्या नावावर केलंत तर मात्र नफा तुमच्याच उत्पन्नात मिळवला जातो.

---

खडकवासला_पाणी | 14 मार्च 2026

वरच्या चर्चेत 'सव्वा लाखाच्या आतला तोटा वाया' असं वारंवार आलंय. कृष्णाकाठ यांच्या 18 लाखांना ते लागू आहे. पण ज्यांचा पगार 12 लाखांच्या जरा आत आहे त्यांनी हे वाचून तसंच करू नये. त्यांचा हिशोब उलटा आहे.

नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंत कर नाही, तो कलम 87ए च्या सवलतीमुळे. ही मर्यादा एकूण उत्पन्नावर बघितली जाते आणि एकूण उत्पन्नात दीर्घकालीन नफा पूर्ण येतो, सव्वा लाखाच्या आतला भागसुद्धा. तो भाग शून्य दराचा आहे, उत्पन्नातून वगळलेला नाही.

उदाहरण घ्या. वजावटीनंतर पगार 11,00,000. इक्विटी फंडातून 'करमुक्त' समजून 1,20,000 नफा काढला. एकूण 12,20,000. पगारावरचा कर 4 ते 8 लाखांवर 20,000 आणि 8 ते 11 लाखांवर 30,000, मिळून 50,000. नफा काढला नसता तर सवलतीने हे सगळे 50,000 माफ होते. आता मर्यादा ओलांडली. मार्जिनल रिलीफ मिळतो, म्हणून कर 12 लाखांवर गेलेल्या रकमेइतकाच, 20,000, आणि सेस 800. शून्य कराच्या नफ्यासाठी 20,800 रुपये गेले.

याच व्यक्तीने 31 मार्चआधी 20,000 चा तोटा बुक केला तर एकूण उत्पन्न बरोबर 12,00,000 होतं, सवलत पूर्ण मिळते, 20,800 वाचतात. तोटा सव्वा लाखाच्या आतल्या नफ्यावरच पडला, तरी त्याने रुपयामागे रुपयाहून जास्त वाचवलं.

आणखी एक. 87ए ची सवलत अल्पकालीन 20 टक्क्यांच्या आणि दीर्घकालीन साडेबारा टक्क्यांच्या कराला लागत नाही. पगार 9 लाख आणि शेअरचा अल्पकालीन नफा 50,000 असेल, तर एकूण साडेनऊ लाखच असूनही त्या 50,000 वर 10,000 अधिक सेस भरावाच लागतो. 'एकूण बारा लाखांच्या आत आहे, काहीच नाही' या भरवशावर राहिलेल्यांना रिटर्न भरताना धक्का बसतो.

---

मुळामुठा | 14 मार्च 2026

@खडकवासला_पाणी, हे सांगितलंत ते फार बरं केलंत. पगारदारांचा मोठा वर्ग याच पट्ट्यात आहे.

दीर्घकालीन तोटा कुठे वापरावा याबद्दल एक भर. सव्वा लाखाची सूट फक्त 112ए ला, म्हणजे एसटीटी भरलेले शेअर आणि इक्विटी फंड यांना. सोन्याचा ईटीएफ (शेअर बाजारात विकता येणारा फंड) 12 महिन्यांनंतर विकला किंवा जमीन 24 महिन्यांनंतर विकली, तर साडेबारा टक्के पहिल्या रुपयापासून लागतात. शेअरचा दीर्घकालीन तोटा त्या नफ्यातूनही वजा होतो. म्हणून पुढच्या एक-दोन वर्षांत सोनं किंवा प्लॉट विकायचा असेल, तर खात्यावरचा तोटा त्या वर्षापर्यंत पोचू द्यावा. मधल्या वर्षांत इक्विटीचा दीर्घकालीन नफा काढू नये, नाहीतर तो तोटा सुटीच्या आतच खपेल.

31 जानेवारी 2018 च्या आधीची खरेदी कुणाकडे असेल तर नफा मोजताना त्या दिवसाचा भाव घ्यायला विसरू नका. 60 ला घेतलेलं युनिट, 31 जानेवारी 2018 ला 100, आज 180: नफा 80, 120 नव्हे. मात्र आजचा विक्रीभाव 90 असेल तर खरेदी किंमत 90 धरतात. नफाही शून्य, तोटाही शून्य. 100 धरून तोटा दाखवता येत नाही.

बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य आणि मुदत बोनस मिळाल्या दिवसापासून. बोनसनंतर भाव निम्मा झाला म्हणून मूळ शेअर तोट्यात विकायचे असतील तर तारखा तपासा. रेकॉर्ड डेटच्या (बोनस कुणाला मिळणार ते ठरतं त्या दिवसाच्या) आधीच्या 3 महिन्यांत घेतलेले आणि नंतरच्या 9 महिन्यांत विकलेले असतील, आणि बोनसचे शेअर अजून हातात असतील, तर तो तोटा मान्य होत नाही. तो बोनस शेअरांच्या किमतीत मिळवला जातो.

---

कृष्णाकाठ | 15 मार्च 2026

ठरवलं: 'अ' चे 280 विकायचे, 'ब' ला हात लावायचा नाही, इंडेक्स फंडातून 98,000 च्या आसपास नफा काढायचा. रिटर्नमध्ये हे कुठे कसं दाखवायचं आणि ॲडव्हान्स टॅक्सचं (वर्षातच हप्त्यांनी भरायच्या आगाऊ कराचं) काय?

---

हिशोबवही | 15 मार्च 2026

ॲडव्हान्स टॅक्स: 'अ' विकल्यावर तुमचा अल्पकालीन नफा शून्य आणि दीर्घकालीन सव्वा लाखाच्या आत, त्यामुळे भांडवली नफ्यावर भरायचं काही उरत नाही. ज्यांना 15 मार्चनंतर करपात्र नफा होतो त्यांनी तो कर 31 मार्चच्या आत आयकर पोर्टलवरच्या ई-पे टॅक्समधून 'ॲडव्हान्स टॅक्स' या शीर्षाखाली भरावा, म्हणजे हप्ता चुकल्याचं व्याज लागत नाही.

रिटर्न आयटीआर-2. आयटीआर-1 मध्ये आता सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा दाखवता येतो, पण अल्पकालीन व्यवहार किंवा मागचा तोटा असेल तर तो फॉर्म चालत नाही. सोपा म्हणून तो भरला तर तोट्याची नोंद तुटते.

भरताना हा क्रम ठेवा. शेड्यूल 112ए मध्ये इक्विटी फंडाच्या विक्री टाका. 31 जानेवारी 2018 नंतरची खरेदी असेल तर एकत्रित एका ओळीत चालते. अल्पकालीन शेअर 111ए च्या रकान्यात, जुलैचा नफा आणि मार्चचा तोटा मिळून. मग शेड्यूल सीएफएल (पुढे नेलेल्या तोट्याचा तक्ता) उघडा आणि आकारणी वर्ष 2023-24 समोर 80,000 दीर्घकालीन रकान्यात आहेत का ते पाहा. रिटर्न भरल्याची तारीखही तिथे लागते, ती जुन्या पोचपावतीवरून घ्या. ही ओळ रिकामी राहिली तर यूटिलिटी तोटा वजा करणार नाही आणि 2 लाखांच्या नफ्यातल्या सव्वा लाखावरच्या भागावर कर काढून दाखवेल. शेवटी शेड्यूल बीएफएलए (मागचा तोटा वजा करायचा तक्ता) मध्ये 80,000 वजा झालेले दिसले पाहिजेत.

एआयएसमधली (आयकर विभागाच्या वार्षिक माहितीपत्रकातली) विक्रीची रक्कम जुळवा, पण खरेदी किंमत तिथली आंधळेपणाने घेऊ नका. एका डीमॅटमधून दुसऱ्यात आणलेल्या शेअरांची किंमत तिथे अनेकदा शून्य किंवा चुकीची असते. ब्रोकरचा टॅक्स अहवाल आणि कॅम्स-केफिनटेकचं स्टेटमेंट हेच धरा.

'अ' च्या राहिलेल्या 120 शेअरांसाठी 20 मे ची नोंद कॅलेंडरवर आत्ताच करून ठेवा. ते विकून पुढच्या वर्षी निव्वळ तोटा उरला, तर त्या वर्षीचं रिटर्न मुदतीतच भरावं लागेल. उशिरा भरलेल्या रिटर्नमधला नवा भांडवली तोटा पुढे नेता येत नाही. आधीच्या वर्षांचा, वेळेत नोंदलेला तोटा मात्र उशिराच्या रिटर्नने जात नाही.